भिंतीकडची नखं

वहिनींच्या धाकट्या मुलीने मला सांगितलं, "काका, आईबद्दल काहीतरी लिहा. तुम्ही आयुष्यभर लिहायचंच काम केलंत." मी काम केलं ते संग्रहालयातल्या वस्तूंखालच्या पाट्या लिहायचं. एका पाटीला साठ शब्द. त्यापुढे जायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, आणि आता जमेल असंही नाही. पण वहिनी साठ शब्दांत मावणाऱ्या नाहीत. त्यांचं एका सकाळचं करवादणंच त्याच्या दसपट असायचं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा गेला तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या, मुली सात आणि चार वर्षांच्या. संग्रहालयात पुसपास करायला एक बाई हवी होती. त्यांच्यासाठी विचारायला म्हणून मी साहेबांच्या दारापर्यंत तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा काही न बोलता परत आलो. चौथ्या दिवशी वहिनी स्वतःच आत गेल्या आणि पाच मिनिटांत नोकरी घेऊन बाहेर आल्या. "तुमच्या भरवशावर बसले असते भाऊजी, तर पेन्शनचं वय झालं असतं," त्या म्हणाल्या. त्यांचं खरंच होतं.

त्यांच्याकडे तळमजल्याचं मोठं दालन आलं. त्या दालनात आमच्या संग्रहालयाची शान होती. दोन आकृत्यांचं, पुरुषभर उंचीचं, पांढऱ्या संगमरवराचं शिल्प. बरोक काळातलं, म्हणजे सतराव्या शतकातल्या युरोपातलं. दगड स्थिर असतो हे त्या काळच्या शिल्पकारांना जणू मान्यच नव्हतं. कापड उडालं पाहिजे, केस भुरभुरले पाहिजेत, माणूस आत्ता या क्षणी काहीतरी करताना सापडला पाहिजे. आमच्या शिल्पात एक तरुण देव आहे आणि त्याच्यापुढे नदीची मुलगी. देव तिच्या मागे लागलाय, तिला तो नको आहे. तिने बापाला, नदीच्या देवाला, हाक मारली, आणि बापाने तिला झाड करून टाकलं. शिल्पात ती अर्धी झाड झालेली आहे. पायांच्या बोटांना मुळं फुटलीत, साल कमरेपर्यंत चढलीय, वर केलेल्या हातांच्या बोटांतून पानं निघालीत. तोंड उघडं आहे.

पहिल्या दिवशी वहिनी या शिल्पासमोर उभ्या राहिल्या आणि मला विचारलं, "हा कोण? आणि हिला काय करतोय?"

आता मी काय सांगणार? दादाला जाऊन आठ महिने झाले होते. दालनात आम्ही दोघंच. समोर वहिनी, आणि मला हे सांगायचं की हा देव या पोरीच्या अंगचटीला जायला धावतोय. माझे कान गरम झाले. मी म्हणालो, "वाचवतोय तिला." आणि पाट्यांच्या खोलीत निघून गेलो.

एवढंच. दोन शब्द. त्या दोन शब्दांनी पुढची सव्वीस वर्षं माझा पिच्छा पुरवला.

कारण शिल्पाखालची पाटी मीच लिहिलेली होती आणि तिच्यावर खरी गोष्ट होती. वहिनींनी ती दुसऱ्याच दिवशी वाचली. "हे काय लिहिलंय? पाठलाग? पहिल्या दिवशी तुम्हीच म्हणालात वाचवतोय." मी म्हणालो, पुस्तकांत असं आहे. "मग पुस्तकं चुकलीत. तुम्हाला आपल्या मनाने बरोबर दिसलं होतं, मग पुस्तक बघून घाबरलात. तुमचं नेहमीचंच आहे." खरं काय ते सांगावं असं दर वर्षी एकदा तरी वाटायचं. पण जितका उशीर होत गेला तितकं ते अवघड झालं. आणि वहिनींनी आपल्या बाजूने पुरावेही गोळा करायला सुरुवात केली होती.

पुराव्यांची गोष्ट अशी की संग्रहालयाचा नियम होता, त्या शिल्पाला हात लावायचा तो फक्त पुसणाऱ्या माणसाने. साहेबांनीसुद्धा नाही. भोवती दोरी, दोरीपासून शिल्प चार फूट. फक्त वहिनी सकाळी आठ ते नऊ दोरीच्या आत जायच्या. सुती हातमोजे, मऊ कुंचला, धूळ उडवायला रबरी फुगा, आणि कुंचला जिथे पोचत नाही तिथे मलमलीचं फडकं बोटाला गुंडाळून. वरून खाली. आधी पानं, मग बोटं, मग केस. पाण्याचा थेंब नाही. या कामात त्यांना घाई केलेली खपायची नाही, आणि दुसऱ्या कुणी हळू केलेलंही खपायचं नाही.

"ओढणाऱ्याची बोटं अंगात रुततात," त्या मला सुनवायच्या. "ह्याचा हात बघा तिच्या कमरेवर. नुसता टेकल्यासारखा आहे. हे मी रोज पुसते, तुम्ही नाही पुसत. दोन पोरी वाढवल्यात मी, धरणं आणि पकडणं मला कळतं."

त्यांना उत्तर होतं. बोटं रुतत नाहीत कारण तिथे आता अंगच नाही, साल आहे. त्याचा हात पोचला आणि त्याच क्षणी मध्ये झाड आलं. शिल्पकाराची सगळी करामत तिथेच आहे. पण हे मी दालनात उभं राहून वहिनींना सांगायचं? मी "बघू" म्हणायचो.

"बघू, बघू! सगळं आयुष्य बघण्यात गेलं तुमचं."

आता नखांबद्दल. शिल्प दाराच्या समोर, डावीकडच्या भिंतीला लागून होतं. भिंत आणि शिल्प यांच्यात जेमतेम दीड वीत जागा. त्या फटीत आडवं होऊन शिरू शकणाऱ्या संपूर्ण संग्रहालयात एकट्या वहिनी. नोकरीला लागून दहाएक वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट, एक दिवस त्या पाट्यांच्या खोलीत आल्या, हातमोजे न काढताच, आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या त्या शिल्पकाराला वेड लागलं होतं का?"

"का?"

"भिंतीकडच्या बाजूला त्या देवाच्या पायाची नखं पॉलिश केलीत. आरशासारखी. वहाणेचा पट्टा, पट्ट्याची शिलाई, टाके मोजता येतात. केसांची एकेक बट आरपार कोरलीय. आणि दाराकडच्या बाजूला, जिथे सगळं जग उभं राहून बघतं, तिथे तिच्या काखेखाली माझं फडकं अडकतं. खरखरीत. छिन्नीच्या दात्यांचे वळ तसेच ठेवलेत. मानेमागचे केस नुसते ठोकळे. मला सांगा, कोण शहाणा माणूस भिंतीला दाखवायला नखं घासतो?"

मी विचार केला. मग जरा जास्त विचार केला. आणि माझ्या लक्षात आलं की वहिनींनी सहज बोलता बोलता जे सांगितलं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. शिल्प उलटं ठेवलं होतं. शंभरेक वर्षांपूर्वी जुन्या इमारतीतून इकडे आणताना हमालांनी त्या मुलीचा चेहरा दाराकडे केला असणार. त्यांचं काय चुकलं? तोंड ज्या बाजूला तीच पुढची बाजू, असंच कुणीही धरेल. पण शिल्पकाराने ते दुसऱ्या बाजूने आत येणाऱ्यासाठी घडवलं होतं, आणि जे भिंतीला लागणार ते खरखरीत सोडलं होतं. आम्ही नेमकं घासलेलं भिंतीला लावलं आणि खरखरीत लोकांना दाखवत होतो.

मी हे वहिनींना सांगितलं आणि त्यांनी तिथेच हट्ट धरला. शिल्प फिरवायचं. मला त्यांनी दर महिन्याला विचारलं, साहेबांशी बोललात का. पुढे साहेब बदलले, त्यांच्या जागी दुसरे आले, तेही बदलले. मी बोललो नाही.

वहिनींना अठ्ठावन्न पूर्ण व्हायला चार महिने राहिले तेव्हा दालनाची फरशी नव्याने करायचं ठरलं. चौथऱ्याला तडा गेला होता. नवा चौथरा बांधायचा, शिल्प त्यावर ठेवायचं आणि लोखंडी खुंट्या घालून, वर सिमेंट ओतून कायमचं जखडायचं. एकदा जखडलं की पुन्हा हलवायचं नाही, कारण हलवताना फुटेल.

"म्हणजे आता नाही तर कधीच नाही," वहिनी म्हणाल्या. "मी गेल्यावर त्या फटीत कोण शिरणार आहे? पुढच्या माणसाला कळणारसुद्धा नाही. भाऊजी, एक कागद लिहा. एकच. तुम्हाला छान लिहिता येतं. मला येत असतं तर तुमच्या तोंडाकडे बघितलं नसतं."

मी कागद लिहिला. चांगला लिहिला, असं आता वाटतं. आणि तो खणात ठेवला. साहेबांची भीती होतीच. पण खरं सांगायचं तर दुसरंही कारण होतं. फिरवल्यावर दारातून काय दिसेल हे मी मनातल्या मनात करून बघितलं होतं. त्या बाजूने गोष्ट इतकी उघड होणार होती की कुणाला पाटीची गरज राहणार नव्हती. वहिनींनासुद्धा.

"दिला का कागद?"

"आज साहेब कामात आहेत."

"काल?"

"काल रजेवर होते."

"आणि परवा तुम्ही होतात, हो ना?"

शेवटचा आठवडा उजाडला. शिल्प लाकडी चौकटीत, कप्पी आणि साखळ्यांना बांधून जुन्या चौथऱ्यावरून चार बोटं उचललेलं होतं. नवा चौथरा शेजारी तयार. सकाळी साहेब आले, गवंडी आला, आणि शिल्पाच्या अभ्यासक बाई आल्या. या बाईंनी आमच्या शिल्पावर दोनशे पानांचं पुस्तक लिहिलेलं होतं आणि त्यांना लोक फार मानायचे. मीही मानायचो. वहिनी कोपऱ्यात कुंचला झटकत होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"झालं," वहिनी मोठ्याने म्हणाल्या, आणि सरळ मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "साहेब, हे उलटं बसवताय तुम्ही."

साहेब हसले. "मावशी, शंभर वर्षं असंच आहे."

"शंभर वर्षं चुकलं म्हणजे बरोबर होतं का?"

बाई सौम्यपणे म्हणाल्या, "मावशी, तिचा चेहरा म्हणजे या शिल्पाचं केंद्र. मी त्यावर दोन प्रकरणं लिहिलीत."

"नखांवर किती लिहिलीत?"

"कुठल्या नखांवर?"

"घ्या!" वहिनींनी हात जोडल्यासारखे केले. "बाई, तुम्ही आत हात घातलाय कधी? नाही ना? नियमच आहे, मला माहितीय. दोरीबाहेरून दोनशे पानं लिहिली. हे घ्या हातमोजे. घाला. साहेब, आता मध्ये पडू नका, मी तीन दिवसांनी जाणार आहे, काय करायचं ते करा मला."

साहेब काहीतरी म्हणणार होते, पण बाईंनी हातमोजे घातले होते. वहिनींनी त्यांचं मनगट धरलं आणि मुलीच्या काखेखाली नेलं. "लागतंय?" बाईंनी बोटं तिथेच पुन्हा फिरवून बघितली. मग वहिनींनी त्यांना भिंतीच्या बाजूला नेलं. फटीत बाई शिरेनात. कोट काढला, तरी शिरेनात. "श्वास सोडा," वहिनी म्हणाल्या. शेवटी बाईंनी गुडघे टेकून खांद्यापर्यंत हात आत घातला. बराच वेळ चाचपत राहिल्या.

"बॅटरी आहे का कुणाकडे?" बाईंचा आवाज बदलला होता.

गवंड्याने दिली. बाईंनी गाल भिंतीला लावून आत बघितलं. उठल्या तेव्हा त्यांच्या गालावर चुना होता आणि चेहऱ्यावर संताप. वहिनींवर नव्हे. "अठरा वर्षं," त्या म्हणाल्या. "अठरा वर्षं मी इथे येतेय. मला कुणी एका शब्दाने सांगितलं नाही."

"मी ह्यांना सांगत होते," वहिनींनी माझ्याकडे बोट दाखवलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या आयुष्यात इतक्या लोकांनी एकदम माझ्याकडे बघितल्याचं मला आठवत नाही.

साहेबांनी कपाळ चोळलं. तिकिटावर तो चेहरा आहे, पोस्टकार्डांवर आहे, दिवे तसे लावलेत, आणि समितीला विचारल्याशिवाय कसं काय. गवंडी कंटाळून म्हणाला, "साहेब, उचललेलं आहेच. इकडे तोंड करून ठेवायचं की तिकडे, मला एकच. पण दुपारपर्यंत सांगा, माल सुकतोय."

"लेखी काही असतं तर समितीला दाखवता आलं असतं," साहेब म्हणाले. "असं तोंडी..."

मी खोलीत गेलो. खण उघडला. कागद आणून साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी वाचला, वरची तारीख बघितली, माझ्याकडे बघितलं आणि बाईंना दिला. बाईंनी खाली सही केली.

"चार महिन्यांपूर्वीची तारीख आहे," साहेब म्हणाले.

"त्यांच्या मानाने लवकरच म्हणायचं," वहिनी म्हणाल्या.

दुपारी शिल्प फिरवलं. साखळ्या करकरत होत्या, चौघे जण चौकटीला धरून होते, आणि वहिनी प्रत्येकाला ओरडत होत्या. चार वाजेपर्यंत ते नव्या चौथऱ्यावर बसलं, चौकट निघाली, जमिनीवरचा भुसा झाडला गेला. बाई लिहायला बसल्या. वहिनी हात पुसत दालनाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागे, जरा लांब.

आधी त्या हसल्या. खिडकीतला उजेड सरळ त्या नखांवर पडत होता. "बघा," त्या म्हणाल्या. "आता कशी..."

मग त्यांची नजर वर गेली. सव्वीस वर्षं त्यांनी तो पाय हातभर अंतरावरून बघितला होता. तितक्या जवळून पाय म्हणजे नुसता पाय. तो कुठे चाललाय ते कळत नाही. आता पंधरा पावलांवरून तो सगळा एकदम दिसत होता. मागची टाच हवेत, पोटरी ताणलेली, पाठ पुढे झुकलेली, कपडा मागे उडालेला. तिचा चेहरा अजून दिसतच नव्हता. दिसत होती ती त्याच्या खांद्यापलीकडची तिची वर गेलेली बोटं आणि पानं.

वहिनी दोन पावलं पुढे गेल्या. मग आणखी दोन. हात कमरेला पोचलेला दिसतो तिथे थांबल्या.

"भाऊजी."

"हं."

"हा हिच्या मागे लागलाय."

"हो."

"आणि ही ह्याच्यापासून पळतेय. झाड झाली पण ह्याच्या हाताला लागली नाही."

"हो, वहिनी."

"पाटी बरोबर होती."

"हो."

"मग पहिल्या दिवशी तुम्ही मला काय सांगितलं होतं?"

मी सांगायचा प्रयत्न केला. तेव्हा दादाला जाऊन थोडेच महिने झाले होते, तुम्ही समोर, तसलं कसं बोलायचं...

"तसलं म्हणजे कसलं?" त्यांचा आवाज दालनभर घुमला. बाईंनी वर बघितलं. "दोन पोरी होत्या मला! मला काय तसलं माहीत नव्हतं? अहो, त्या दिवसांत बाजारात जायची सोय नव्हती मला. दूधवाल्यापासून तुमच्या त्या मागच्या कारकुनापर्यंत जो तो वाचवायला यायचा. आणि रोज सकाळी इथे येऊन मी म्हणायचे, एक तरी आहे जो नुसता धरून उभा आहे." त्या थांबल्या. मग एकदम भडकल्या. "आणि मी सव्वीस वर्षं ह्या मेल्याचे पाय पुसतेय! नखांच्या कडेकडेने!"

मला वाटलं त्या रडतील. त्या अजिबात रडल्या नाहीत. माझ्याशी बोलायचं मात्र बंद केलं. एकाच घरात राहायचो आम्ही, तिथेही, दोन दिवस. दोन दिवस इतकी शांतता मला सोसवेना.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या सकाळी मी आठला दालनात गेलो. वहिनी शिडीवर होत्या आणि त्या मुलीची पानं पुसत होत्या. मग बोटं, मग केस, काखेखालची ती खरखरीत जागा, मग साल, मग मुळं. नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. उतरल्या, शिडी देवाच्या बाजूला सरकवली आणि हातमोजे काढून माझ्यासमोर धरले.

"हा तुम्ही पुसा."

"मी? नियम..."

"नियम गेला खड्ड्यात. तुम्हीच आणलाय ह्याला माझ्या डोक्यात, तुम्हीच पुसा. चढा."

मी चढलो. ज्या दगडावर मी आयुष्यभर लिहिलं त्याला मी पहिल्यांदा हात लावत होतो. तो इतका गार असेल असं वाटलं नव्हतं.

"वरून सुरू करा, वरून! केसांत फुगा मारा आधी. अहो, असा दाबून नाही, फुगा आहे तो, लिंबू नाही. हं. आता कुंचला. एका दिशेने! भाऊजी, एका दिशेने म्हणजे एका दिशेने, आकाशपाळणा नाहीये तो."

मी केस केले, खांदा केला, हात केला. तिच्या कमरेशी त्याच्या बोटांखाली फडकं सरकवलं. बोट आणि साल यांच्यामध्ये नखभर खाच होती. फडकं आरपार गेलं. त्याचा हात तिला लागलेलाच नव्हता, सालीलासुद्धा नाही. हे मी कुठल्याच पाटीत लिहिलं नव्हतं. कुणीच लिहिलं नव्हतं. मी तसाच थांबलो.

"वहिनी, इथे फट आहे."

"माहितीय," त्या खालून म्हणाल्या. "रोज पुसत होते. मला वाटायचं, मानाने अंतर ठेवलंय." आणि मग, "थांबलात काय? नऊला दार उघडतं. पाय राहिलेत अजून, आणि नखं नीट करा. शिल्पकाराचा त्यात काही दोष नाही."